सागरी प्राणी उपचार केंद्रात पावसाळ्यातली इंटर्नशिप: नेमकं काम काय असतं?

गौरी_कळवा

नमस्कार. टीवायबीएस्सीला आहे, विषय प्राणिशास्त्र. १५ जून ते ३१ जुलै अशी इंटर्नशिप मिळाली आहे, जखमी समुद्री कासवांवर उपचार होतात अशा केंद्रात. पावसाळ्यात समुद्रपक्षीही येतात असं फोनवर सांगितलं. पत्रात कामाबद्दल एकच ओळ आहे: प्राण्यांची देखभाल व नोंदी. इंटर्नच्या हाती प्रत्यक्षात काय येतं? जायच्या आधी घरी बसून काय शिकता येईल? आणि नवीन मुलांच्या हातून कोणत्या चुका होतात, ज्या प्राण्याला भोवतात? आईचा वेगळा प्रश्न आहे, कासवापासून आपल्याला काही आजार लागतो का?

खाडीकाठ_ऐरोली

तारखा बघता ऐन गर्दीत जाते आहेस. आपल्या किनाऱ्यावर जखमी कासवं वाहून येतात ती मुख्यतः जून ते सप्टेंबरात. समुद्र खवळलेला असतो, तुटून वाहवत गेलेल्या जाळ्यांचे गुंते पाण्यात फिरत असतात. त्यात अडकलेलं कासव पोहता येत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून अशक्त होतं, आणि मग वारा नेईल तिकडे जातं. बहुतेक ऑलिव्ह रिडले, अधूनमधून हिरवं कासव, क्वचित हॉक्सबिल.

दिवसाचा निम्मा वेळ पाण्यात जातो. म्हणजे पाणी बदलणं, मोजणं, मीठ घालणं, फिल्टर धुणं. उरलेल्यात मासे, घासणं आणि लिहिणं. इंजेक्शन, टाके, रक्त काढणं यातलं काहीही इंटर्नने करायचं नसतं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ प्रमाणे ते नोंदणीकृत पशुवैद्याचं काम. कुणी हातात सुई दिली तरी घेऊ नकोस.

पाण्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. कासवाच्या टाकीत क्षारता २० ते ३५ पीपीटी (म्हणजे लिटरला साधारण तितके ग्रॅम मीठ) चालते, बहुतेक ठिकाणी ३० च्या वर ठेवतात. पीएच ७.२ ते ८.५. मोकळा क्लोरिन १ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात एक भागाच्या आत. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, पण म्हणून तिचं पाणी उचलून टाकीत घालता येत नाही. सांडपाणी आहे, गाळ आहे, आणि पावसाळ्यात क्षारता फार खाली जाते. त्यामुळे नळाचं पाणी आणि समुद्री मिठाचं मिश्रण, हाच मार्ग.

हिशेब असा: टाकी २००० लिटरची, रोज निम्मं पाणी बदलायचं, लक्ष्य ३२ पीपीटी. म्हणजे १००० लिटरला ३२ किलो मीठ. वेगळ्या पिंपात आधी नळाच्या पाण्यातला क्लोरिन मारायचा. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोवाले वापरायचे तो हायपो. १ पीपीएम क्लोरिन असेल तर १००० लिटरला साधारण ७ ग्रॅम. मग पंप चालू ठेवून मीठ थोडं थोडं सोडायचं. इथे नवीन मुलं एक चूक हमखास करतात. मीठ ओतलं, लगेच वरचं पाणी घेऊन मोजलं, २६ आलं, म्हणून आणखी पाच किलो ओतलं. तळाशी न विरघळलेलं मीठ तसंच असतं, तासाभराने आकडा ३७ च्या पुढे. मीठ घातल्यावर किमान तासभर पाणी फिरू दे, वरून आणि तळातून असे दोन नमुने घे, दोन्ही जुळले तरच टाकीत सोड.

रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजायचं उपकरण, रोज सकाळी डिस्टिल्ड वॉटरने शून्यावर आणायचा. नळाच्या पाण्याने नाही. काचेवर कालच्या मिठाचा पांढरा थर राहिला असेल तर मोजमाप चढं येतं. थेंबभर डिस्टिल्ड वॉटरने पुसून मऊ फडक्याने कोरडी करायची. आणि आयोडिनचं घरगुती मीठ संपलेल्या समुद्री मिठाच्या जागी वापरू नये. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पावडर असते.

वीज गेली तर कासव गुदमरत नाही, ते हवेतच श्वास घेतं. पण वाळूचा फिल्टर चार-सहा तास बंद राहिला की आतले जीवाणू मरून पाणी कुजतं. वीज आल्यावर थेट चालू केला तर ते काळं पाणी टाकीत येतं. आधी बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणं, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, मगच टाकीची कळ उघडायची.

अंगावर शेवाळ आणि बार्नॅकल (कवचाला घट्ट चिकटणारे छोटे कवचधारी जीव) भरपूर असलेलं कासव आलं तर २४ तास गोड्या पाण्यात ठेवतात, त्याने बार्नॅकल आणि जळवा सुटून पडतात. ते बघायला मिळेल.

मासळीघर

माशांचं मी सांगते, कारण सगळीकडे इंटर्नला पहिल्या दिवशी तिथेच उभं करतात आणि कुणी नीट समजावत नाही.

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. म्हणजे दिवाळे गावाच्या किंवा चेंदणी कोळीवाड्याच्या बाजारात ताजा बांगडा मिळेल या भरवशावर केंद्र चालत नाही. मेमध्ये भरलेला साठा उणे १८ अंशांवर ठेवून त्यावर दोन महिने काढायचे. तू असशील तेव्हा फ्रीझरमधला मासा महिना-दोन महिन्यांचा असेल, आणि म्हणूनच जीवनसत्त्वांचा हिशेब तुझ्या वेळी सगळ्यात महत्त्वाचा.

कारण असं. काही माशांत थायामिन (जीवनसत्त्व बी१) मोडणारं एन्झाइम असतं आणि ते गोठवल्यावरही काम करत राहतं. थायामिन कमी पडलं की कासव आधी खायचं सोडतं, मग थरथर, मग दिशाहीन पोहणं. म्हणून एक किलो माशाला २५ ते ३० मिलिग्रॅम थायामिन घालतात. तेलकट माशातली चरबी खवट होत जाते, त्यासाठी किलोला १०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक, गोळीच्या पाकिटावर असतं) जीवनसत्त्व ई.

आता प्रत्यक्ष. १८ किलोचं रिडले, आहार वजनाच्या २ टक्के, म्हणजे दिवसाला ३६० ग्रॅम. मध्यम आकाराचे तीन बांगडे धर. थायामिन साधारण ११ मिलिग्रॅम. १०० मिलिग्रॅमच्या गोळीचा नववा तुकडा कसा करणार? गोळी कुटून १० मिली पाण्यात घोळवायची, एक मिलीत १० मिलिग्रॅम झाले. हलवून लगेच १.१ मिली सिरिंजमध्ये घ्यायचं आणि सुई न लावता माशाच्या गालफडातून पोटात सोडायचं. जो मासा पहिला देणार त्यातच भरायचं, कारण तिसरा मासा कासव खाईलच असं नाही. उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही.

मासा वितळवायचा तो रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, झाकलेल्या ट्रेमध्ये. घाई झाली की मुलं बादलीभर पाण्यात टाकतात. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं त्या बादलीत जातात, आणि बांगड्यासारख्या माशावर उकाड्यात जीवाणू झपाट्याने वाढतात. वितळवलेला मासा २४ तासांत संपवायचा, परत गोठवायचा नाही. वजन वितळल्यावर आणि पाणी निथळल्यावर करायचं. बर्फासकट तोललेले ३६० ग्रॅम म्हणजे कासवाच्या तोंडचा घास तू कापलास.

प्रत्येक मासा हाताने दाबून बघायचा, गळ किंवा तारेचा तुकडा राहिलेला असतो. डोळे खोल गेलेले, पोट फुटलेलं, कल्ले तपकिरी, वास आंबट, असा मासा फेकायचा. "एवढ्याने काय होतंय" असं कुणी म्हटलं तरी फेकायचा.

वहीत "खाल्लं" असं लिहू नकोस. किती ग्रॅम दिले, किती ग्रॅम जाळीने परत काढले, किती वाजता, हातून घेतलं की तळाशी पडलेलं उचललं, माकूळ घेतलं आणि बांगडा नाकारला का, हे लिही. डॉक्टर औषध बदलतात ते या ओळींवरून.

पशुवैद्य_घणसोली

वरचं सगळं बरोबर आहे, एका दुरुस्तीसह. खाडीकाठ यांनी २४ तास गोड्या पाण्याचं लिहिलं आहे. ते धष्टपुष्ट कासवासाठी. आपल्याकडे पावसाळ्यात येणारी बहुतेक कासवं खंगलेली असतात: पोटाकडचं कवच आत दबलेलं, डोळे खोल, मानेचे स्नायू वितळलेले. अशा कासवाला पाण्यात एकटं सोडलं तर ते डोकं वर काढू शकत नाही आणि बुडून मरतं. कासव बुडतं, हे नवख्यांच्या डोक्यात बसायला वेळ लागतो. अशक्त कासव ओल्या टॉवेलावर, खाली फोम किंवा टॉवेल गुंडाळलेला जुना टायर, म्हणजे पोटावर भार येत नाही. पाठीवर ओला टॉवेल, पण नाकपुड्या उघड्या. डोळ्यांत वंगणाचं मलम. पाण्यात ठेवायचंच असेल तर पाणी खांद्यापर्यंत आणि एक माणूस कायम शेजारी. गोड्या पाण्यातला वेळ पशुवैद्य ठरवतो, कधी काही तास, कधी अजिबात नाही. बार्नॅकल चिमट्याने ओरबाडू नये, खालचं शल्क, म्हणजे कवचावरचा खवल्यासारखा तुकडा, सोलून निघतं.

डोळ्यांतून चिकट पाणी गळताना दिसेल. ते रडणं नाही. डोळ्यांमागच्या ग्रंथी जास्तीचं मीठ बाहेर टाकतात. उलट पाण्याबाहेरच्या कासवाचे डोळे कोरडे आणि खोल दिसले तर लगेच सांगायचं, पाणी कमी झालंय.

दाखल करताना तुझ्या हाती टेप आणि वही येईल. कवचाची वक्र लांबी मोजायची ती मऊ टेपने, मानेमागच्या शल्काच्या मध्यापासून शेपटीवरच्या शल्काच्या टोकापर्यंत, मधल्या रेषेवरून. वाटेत बार्नॅकल असेल तर टेप त्यावरून गेली असं वहीत लिही. वजन करताना टॉवेलाचं वजन आधी वजा कर.

जात ओळखायला पाठीवरची शल्कं मोज, हे घरी फोटोंवर शिकता येतं. मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंना चार-चार मोठी शल्कं आणि डोळ्यांच्या मधे कपाळावर एकच जोडी, तर हिरवं कासव. बाजूला चारच, पण कपाळावर दोन जोड्या आणि शल्कं कौलांसारखी एकावर एक, तर हॉक्सबिल. बाजूला पाचपेक्षा जास्त, सहा ते नऊ, कधी डावीकडे सहा आणि उजवीकडे सात, तर ऑलिव्ह रिडले. खात्री करायला उलट बाजूला पोटाच्या आणि पाठीच्या कवचाला जोडणारी शल्कं बघ. रिडलेत त्या प्रत्येक शल्कावर मागच्या कडेला टाचणीने टोचल्यासारखं छिद्र असतं. हे चुकलं की आहार चुकतो. मोठं हिरवं कासव मुख्यतः शेवाळ आणि समुद्री गवत खातं, त्याला रोज बांगडा चारणं बरोबर नाही.

फार दिवस उपाशी असलेल्या कासवाला पहिल्या दिवशी पोटभर मासे देऊ नयेत. आधी सलाइन, रक्तातली साखर जागेवर, मग वजनाच्या अर्धा-एक टक्का, आणि काही दिवसांत हळूहळू वाढ. एकदम भरलं की रक्तातले क्षार कोसळतात आणि वाचत आलेलं जनावर जातं. दया येऊन चोरून एक मासा जास्त टाकणं हे यात सगळ्यात घातक.

रक्ताच्या नळ्या मांडून ठेवायला सांगतील. कासवासाठी लिथियम हेपरिनची, हिरव्या बुचाची. जांभळ्या बुचाच्या नळीत ईडीटीए असतं, त्याने कासवाच्या तांबड्या पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. खंगलेल्या कासवाकडून दुसऱ्यांदा रक्त मागणं सोपं नसतं.

उचलताना फ्लिपर (वल्ह्यासारखा पाय) धरून कधीही नाही, खांदा निखळतो. एक हात मानेमागे कवचाच्या कडेला, दुसरा शेपटीकडच्या कडेला. पंधरा किलोच्या पुढे दोघांनी. चोच आणि पुढच्या फ्लिपरचं नख या दोन गोष्टींपासून चेहरा लांब.

आईंना सांग: कातडीवर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू असू शकतो, त्यामुळे साबणाने हात धुतल्याशिवाय खाणं-पिणं नाही, आणि मासळीच्या खोलीत तर नाहीच. उघडी जखम घेऊन टाकीत हात घालायचा नाही, खाऱ्या पाण्यातले व्हिब्रिओ जीवाणू वाईट. धनुर्वाताचं इंजेक्शन जायच्या आधी. आणि बोटावर छोटी गाठ आली, तीन-चार आठवडे बरी होत नसेल, तर डॉक्टरांना "मी मत्स्यटाकीत काम करते" हे शब्द वापरून सांगायचं. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जीवाणू असतो, नेहमीच्या मलमाने जात नाही, आणि न सांगितल्यास सुचत नाही.

गौरी_कळवा

सगळ्यांचे खूप आभार. वही आणि टेप आजच घेते. दोन शंका. कासव पाण्यावर तरंगत असेल तर ते बरं होत आल्याचं लक्षण का? आणि बरं झालं हे ठरवतात कसं?

पशुवैद्य_घणसोली

उलट. बरं कासव तळाला जाऊन विसावतं आणि श्वासापुरतं वर येतं. सतत तरंगणारं, बुडी मारायचा प्रयत्न करून पुन्हा बुचासारखं वर येणारं कासव म्हणजे आत हवा कोंडली आहे: आतड्यात प्लास्टिक किंवा दोरा अडकलाय, न्यूमोनिया आहे, किंवा फुप्फुस फाटून हवा शरीराच्या पोकळीत गेली आहे. कोणती बाजू वर राहते ते क्ष-किरण चित्र काढण्याआधीच उपयोगी पडतं. म्हणून "तरंगतंय" एवढंच न लिहिता "उजवा मागचा भाग पाण्याबाहेर, चार बोटं, सकाळी ८" असं लिही. पाच मिनिटांत किती श्वास घेतले तेही. विष्ठेत दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढायचं नाही, कापायचं नाही, मला हाक मारायची. आतडं दोऱ्यावर चुण्या पडून बसलेलं असतं, ओढलं की चिरतं.

सोडण्याआधी बघतात ते असं: औषधं बंद झालेली, स्वतःहून खातंय, वजन वाढतंय, रक्त ठीक, खोल टाकीत तळाला जाऊन बसतं आणि सरळ वर येतं. एक फ्लिपर नसलेलं कासव नीट बुडी मारत असेल तर सोडता येतं. जूनमध्ये बरं झालेलं कासव लगेच सोडता येईलच असं नाही, कारण जाळ्यांपासून दूर खोल पाण्यात न्यायला बोट लागते आणि त्या समुद्रात बोट जात नाही. तोवर त्याला खाऊ घालत ठेवायचं.

खाडीकाठ_ऐरोली

साफसफाईचं राहिलं होतं. प्रत्येक टाकीचा ब्रश, बादली आणि जाळी वेगळी, रंगाने ओळखायची. रिकामी टाकी आधी साबणाने घासून चिकट थर काढायचा, मगच ब्लीच, एकाला तीस पाणी, दहा मिनिटं, मग भरपूर धुणं. थर असताना ओतलेलं ब्लीच त्या थरावरच खर्च होतं. मिठाचे डाग काढायला ॲसिड आणतात, ते आणि ब्लीच एका दिवशी एका खोलीत नाही. क्लोरिन वायू सुटतो. ओल्या हाताने पंपाची पिन काढायची नाही. ईएलसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) पडला तर परत वर करण्याआधी कुठली वायर पाण्यात आहे ते बघायचं.

अंगाला सनस्क्रीन किंवा तेल लावून टाकीत हात नको, पाण्यावर तवंग येतो. अंगठी, बांगड्या घरी. घट्ट पकडीचे गमबूट घे, टाकीजवळच्या शेवाळावर साध्या चपला टिकत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. सगळी समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. टाकीत गळून पडलेलं शल्क आठवण म्हणून घरी नेणं हाही गुन्हाच. फोटो आधी विचारून, आणि जागेची माहिती लावून टाकायचा नाही. किनाऱ्यावर कासव दिसल्याचा फोन तुला मित्रांकडून येईल. त्यांना वनविभागाचा १९२६ दे. कोळी बांधवांपैकी कुणी विचारलं तर सांग, जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला तर भरपाई मिळते, २५,००० रुपयांपर्यंत, डिसेंबर २०१८ पासून. फोटो किंवा व्हिडिओचा पुरावा लागतो, तो कापायच्या आधी काढून ठेवावा.

आणि कुठल्याही केंद्रात पाहुण्यांना कासव हातात धरून फोटो काढू देत असतील तर तिथे दीड महिना घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सीवूड्स_पक्षी

पक्ष्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. जून-जुलैत वाऱ्याने फेकले गेलेले समुद्रपक्षी इमारतींच्या गच्चीवर सापडतात, त्यात मास्क्ड बूबी असतो, सूटी टर्न असतो. बूबीची चोच लांब आणि धारदार, डोळ्यावर नेम धरतो, म्हणून गॉगल घालायचा. घाबरून लोक चोचीला रबर बँड लावतात. बूबीला बाहेरून नाकपुड्या नसतात, तो तोंडाच्या कोपऱ्यातून श्वास घेतो. चोच बांधली की काही मिनिटांत मेला. पकडायचा तो टॉवेल टाकून, पंख अंगाला मिटवून, डोकं मागून अंगठा आणि बोटांत, आणि चोचीच्या वरच्या-खालच्या भागांमधे बोटभर फट राहील असं.

खोका हवेशीर, तळाशी वर्तमानपत्र नको. ताणलेली जाळी, म्हणजे विष्ठा खाली पडते. पिसांना विष्ठा किंवा माशाचं तेल लागलं की पाणी आत शिरतं आणि पक्षी भिजून गारठतो. आल्याआल्या मासा तोंडात कोंबू नये. आधी ऊब आणि अंधार, मग पाणी, ते नळीने आणि डॉक्टरांनीच. सुरुवातीचे पहिले दोन-तीन तास तुझं काम खोक्यावर चादर टाकून आजूबाजूला कुणाला बोलू न देणं, आणि अर्ध्या तासाने चादरीचं टोक उचलून तो उभा आहे की छातीवर बसला आहे ते वहीत लिहिणं.